दोन घाव, एक नजर

३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी साडेसहा
अवजारांची शेड

प्रिय ताई,

आत्ता करवतीचे दात घासत बसलो होतो. सगळे दात एका उंचीचे झाले की नाही ते डोळ्यांनी कळेना, म्हणून कानस बाजूला ठेवली आणि तुला लिहायला घेतलं. साडेसातला घंटा होते. तेवढ्यात पत्र पुरं होईल.

तू विचारलंस की झाडं पाडायला शिकायचं काय असतं, कुऱ्हाड घ्यायची आणि मारायची. दोन महिन्यांपूर्वी मलाही तसंच वाटायचं. आधी झाड ज्या बाजूला पडायला हवं तिकडे खाच पाडायची. मग मागून करवत चालवायची, पण आरपार नाही. मध्ये दोन बोटं लाकूड ठेवायचं. उस्ताद त्याला बिजागरी म्हणतात. दार बिजागरीवर वळतं तसं झाड त्या दोन बोटांवर वळून खाली येतं. शेवटी मागच्या कापात पाचर घालायची आणि घणाने ठोकायची. एकेका घावाने झाड कलत जातं.

हे काम दोघांचं. घण मारणाऱ्याचं लक्ष पाचरीवर असतं, त्याला वरचं दिसत नाही. म्हणून दुसरा लांब उभा राहून शेंड्याकडे बघतो. त्याला राखणदार म्हणतात. शेंडा शेजारच्या झाडात अडकला, वाळकी फांदी सुटली, वारा फिरला, तर त्याने ओरडायचं, “थांब!” पण काही झालं तरी राखणदाराने जागा सोडायची नाही. उस्ताद म्हणतात, एकाला लागलं तर दुसरा धडधाकट पाहिजे, नाहीतर बातमी द्यायलाही कोणी उरत नाही.

पहिल्या घावाआधी घणवाल्याने तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या. झाड कुठे पडणार, मी कुठे पळणार, तू कुठे उभा आहेस. राखणदाराने म्हणायचं, “ऐकलं.” ते आल्याशिवाय घण उचलायचा नाही. मशीनच्या करवतीला अजून कोणाला हात लावू दिलेला नाही.

आता खरी गोष्ट. या लाकूडतोडीच्या शाळेत आम्ही पाच जण आहोत आणि कायम कामावर चौघांनाच ठेवणार. १३ डिसेंबरला उस्ताद नावं वाचतील. पाचवा घरी. सगळ्यात हळू मीच आहे, ताई. मी तीनदा मोजतो. परवा उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, “तू मोजत बस. तोवर झाड म्हातारं होऊन आपोआप पडेल.” सगळे हसले. मीही हसलो, पण जेवण गेलं नाही.

माझा जोडीदार पैलवान. खरं नाव वेगळं आहे, पण इथे कोणी ते घेत नाही. दोन माणसांचा ओंडका एकटा उचलतो. मनाने चांगला आहे. पण मी तीन गोष्टी नीट, सावकाश सांगायला लागलो की माझं वाक्य संपायच्या आधीच “ऐकलं!” म्हणून मोकळा होतो. मला ते खटकतं. बोललो तर पुन्हा माझंच हसं होईल.

आईला सांग, कामाचं निभतंय. पाचव्याचं सांगू नकोस.

तुझा धाकटा


९ नोव्हेंबर, रविवार

शंकासुरा,

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवताना पाचवा माणूस गाळला. ती म्हणाली, “मध्ये वाक्य तुटल्यासारखं वाटलं.” तू तिचाच मुलगा, दुसरं काय!

शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. रोज चाळीस विजारी शिवते आणि तुझे भावोजी विचारतात, तू गप्प का असतेस? तोंडात टाचण्या असतात म्हणून.

तुझ्या पैलवानाची जात मला ठाऊक आहे. आमच्या शिवण कारखान्यात एक आहे तसली. मुकादमबाई माप सांगत असतात आणि ही “हो बाई, हो बाई” करते. मग दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! तुझं सांगणं लांबतं, त्याला कंटाळा येतो, तो मान डोलावतो. एवढंच आहे. तू लगेच आकाश कोसळल्यासारखं करतोस. एकदा मुद्दाम काहीतरी भलतंसलतं सांगून बघ. तरीही “ऐकलं” म्हणाला तर सगळ्यांसमोर पकड. पुन्हा टिंगल करायची हिंमत होणार नाही.

आणि मोजायचं कमी कर म्हणणार नाही, ते तुला जमणार नाही. लवकर उठ आणि लवकर मोज.

ताई


१४ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी एक
जेवणाच्या सुट्टीत, ओंडक्यावर बसून

प्रिय ताई,

तू सांगितलंस तसं केलं. केलं नसतं तर बरं झालं असतं असं आत्ता वाटतंय.

काल घण माझ्याकडे होता. पैलवान राखणदार. उस्ताद दुसऱ्या जोडीकडे गेले होते. मी रोजच्याच सुरात म्हणालो, “झाड उस्तादांच्या खोलीवर पडणार. मी विहिरीत उडी मारणार. तू माझ्या मावशीच्या कडेवर बसला आहेस.”

पैलवान तिकडून म्हणाला, “ऐकलं!”

मला हसू आलं, पण टिकलं नाही. त्याचा चेहरा मला दिसत होता. कंटाळा नव्हता त्यावर. तो माझ्या ओठांकडे बघत होता, ओठ थांबायची वाट बघत. टिंगल करणारा माणूस असा बघत नाही.

घण खाली ठेवला, पाणी प्यायचं निमित्त करून त्याच्या डाव्या बाजूने मागे गेलो आणि म्हणालो, “पैलवान, पायाशी साप आहे.” तो ढिम्म. शीळ घालत शेंड्याकडे बघत होता.

संध्याकाळी टाकीवर हात धुताना त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो आणि विचारलं. आधी म्हणाला, “तुला वेड लागलंय.” मग नळ बंद केला. त्याने खडी फोडायच्या यंत्रावर चार वर्षं काम केलंय. डावा कान पार गेला, उजवा अर्धा. भरतीच्या वेळी डॉक्टरने मागे उभं राहून हळू आवाजात आकडे म्हटले आणि तेच परत म्हणायला सांगितले, तेव्हा समोरच्या कपाटाच्या काचेत डॉक्टरचं तोंड दिसत होतं. ते बघून त्याने सगळे आकडे बरोबर सांगितले. हे सांगताना तो हसला. मला हसता आलं नाही.

मी म्हणालो, “अरे, मी थांब म्हणून ओरडलो तर तुला ऐकू यायचं नाही.”

“आजवर काय झालंय?”

“आजवर ओरडायची वेळ आली नाही.”

“मग येऊ देऊ नकोस. तू एवढा मोजून मापून काम करणारा, तुझ्या झाडाला थांब कशाला म्हणावं लागेल? मी तुझी जोडी उगाच मागून घेतली का?”

ताई, त्याने माझी जोडी मागून घेतली होती, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, उरलो म्हणून त्याच्या गळ्यात पडलो.

मग त्याने माझा हात धरला. दोन भाऊ शाळेत आहेत, त्यांची फी हाच भरतो. पुन्हा खडीवर गेला तर उरलेला कानही जाईल. म्हणाला, “तेरा तारखेपर्यंत गप्प राहा. एकदा नाव लागलं की मी स्वतः उस्तादांना सांगून अवजारांचे दांडे घडवायच्या कामावर जातो. तिथे कानाचं काय काम?”

मी शब्द दिलेला नाही. नाहीही म्हटलेलं नाही. काय करू? लगेच कळव.

तुझा धाकटा


१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय शंकासुरा,

मी त्याला कामचुकार समजले. पोराची दया आली. पण दया आली म्हणून तू त्याच्या हातचा घण खायचा का?

सरळ उस्तादांकडे जा आणि सांगून टाक. यात चहाडी नाही. जिवाचा प्रश्न आहे, त्याच्याही आणि तुझ्याही. आणि एक गोष्ट तुला सुचली नसेल, किंवा सुचूनही तू लिहिली नसशील, म्हणून मीच लिहिते. पाचांतला एक जाणारच आहे. तो गेला तर तुझी जागा पक्की. तुला कोणाला धक्का द्यायचा नाही, फक्त खरं बोलायचंय. तुझं भलं खरं बोलण्यानेच होत असेल तर त्यात लाज कसली?

तू घरी परत आलास तर भावोजी तुला दुकानात घेतील, पण कसे घेतील ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. रोज जेवताना ऐकावं लागेल. तुझ्यासाठी मी किती जणांचे पाय धरले ते काढत नाही. पण हातातली जागा दुसऱ्याच्या लाजेखातर घालवू नकोस.

पत्र मिळेल त्याच दिवशी सांग.

ताई


२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी नऊ

प्रिय ताई,

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी उस्तादांच्या दारापर्यंत गेलो. आत ते चष्मा लावून पाचरी निवडत होते. मी दारावर हात उचलला आणि तुझे शब्द आठवले, “तुझी जागा पक्की.” तोवर मला फक्त भीती होती. तुझं वाचल्यावर भीतीच्या खाली दुसरं काही होतं ते वर आलं. पैलवान गेलेला मला हवा आहे का? ताई, थोडा हवा होता.

मग मी काय म्हणून सांगणार? उद्या सगळे म्हणतील, सगळ्यात हळू पोरगा सगळ्यात चलाख निघाला. आणि ते खोटं आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. मी परत फिरलो.

रागावू नकोस. आम्ही दोघांनी यावर तोड काढली आहे. मी राखणदार असलो की नेहमी त्याच्या उजव्या बाजूला उभा राहणार आणि हातात पांढरं फडकं धरणार. घण त्याच्याकडे असला की त्याने दोन घाव घालायचे आणि एकदा मान वर करून माझ्याकडे बघायचं. दोन घाव, एक नजर. फडकं वर दिसलं की थांबायचं. अजून एकदाही चुकला नाही. उस्ताद काल म्हणाले, “ही जोडी आता बरी लयीत आली.” ऐकून मला बरं वाटलं आणि त्याचंच वाईटही वाटलं.

आईचा खोकला कसा आहे?

तुझा धाकटा


३ डिसेंबर, बुधवार

प्रिय ताई,

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. शेडमधल्या शिडीवरून पाय घसरला आणि उजवा हात मनगटाच्या वर मोडला. प्लास्टर घातलं आहे. पैलवान माझ्यासाठी लिहितो आहे. दुखत फार नाही. जेवण चांगलं मिळतं. दवाखान्याच्या खोलीला मोठी खिडकी आहे. आईला सध्या सांगू नकोस. बाकी सर्व ठीक.

तुझा धाकटा

ताई, वरचं सगळं त्याने सांगितलं तसं लिहिलं. मी त्याच्या उजवीकडे खुर्ची टाकून बसलो होतो, म्हणून सगळं ऐकू आलं. आता तो झोपला आहे. इथून पुढचं माझं. वरचं खोटं आहे. शिडीबिडी काही नाही.

सोमवारी आमचं झाड उतारावर होतं. उजव्या बाजूला दरड, तिथे उभंच राहता येत नाही. म्हणून तो डावीकडे गेला. मला म्हणाला, “आज नको. उस्तादांना सांगू, झाड बदलून द्या.” मी म्हणालो, “काय कारण सांगशील?” त्याने फडकं हातात घेतलं आणि म्हणाला, “दोन घाव, एक नजर. विसरू नकोस.”

विसरलो, ताई. उस्ताद खालून म्हणाले, “अजून उभंच का?” एवढं नेमकं ऐकू आलं मला! मी जोर चढवला. दोन झाले, चार झाले, सहा झाले, मान वर केलीच नाही. शेंडा शेजारच्या वाळक्या झाडात शिरला होता आणि वर एक फांदी सुटून लोंबत होती. तो ओरडत होता म्हणे. खालची जोडी सांगते, त्यांना ऐकू आलं. मला नाही.

मग कोणीतरी मागून माझा पट्टा धरून ओढलं आणि मी पालथा पडलो. फांदी आली ती मी उभा होतो तिथे. माझ्या जागी त्याचा हात होता.

उस्ताद धावत आले. त्यांनी पाहिलं काय? राखणदार बुंध्याशी पडलेला. झाडही अजून लटकत होतं. त्यांनी आधी आम्हाला बाहेर काढलं, दोरी बांधली, आणि मग त्याला विचारलं, “जागा का सोडलीस?” हात लोंबत होता याचा, ओठ पांढरे झाले होते. आणि हा म्हणतो, “घाबरलो. पळायची दिशा चुकली.”

मी तिथेच होतो. मी काही बोललो नाही.

आता सगळी तुकडी म्हणते आहे, पाचवा कोण ते ठरलं. रोज त्याच्यासाठी डबा घेऊन येतो. तो म्हणतो, “तुझ्या भावांची फी भरून झाली की मग सांग.” मला उस्तादांपुढे उभं राहायची हिंमत होत नाही. तुम्हाला लिहायला जमलं, कारण तुम्ही लांब आहात. शिव्या द्यायच्या असतील तर पत्रात द्या, वाचून घेईन.

पैलवान


७ डिसेंबर, रविवार

पैलवान,

तुझं पत्र कारखान्याच्या दारात उभं राहून वाचलं. मग मशीनवर बसले आणि पहिल्याच विजारीत सुई माझ्या नखातून गेली. तेव्हा शिव्या देऊन झाल्या. त्या तुझ्याही नावाने होत्या आणि माझ्याही.

माझ्या कशा, ते सांगते. “तो गेला तर तुझी जागा पक्की,” असं मीच त्याला लिहिलं. चांगल्या मनाने लिहिलं. आणि त्या ओळीमुळेच तो दारातून परत फिरला. तो असा आहे. पायात काटा रुतला तर काटा आपल्यामुळे मोडला का म्हणून विचार करत बसेल. म्हणून त्याने तुला वाचवलं याचं मला नवल नाही. तू तिथे उभा राहून गप्प बसलास याचं नवल आहे. ओंडके उचलतोस म्हणे.

तू म्हणतोस हिंमत होत नाही. माझ्या भावाला भीती वाटत नव्हती असं समजतोस? लहानपणी अंगणात झाडू पडला तरी दचकायचा. त्या दिवशी फांदीखाली आला तो न घाबरता आला का?

या पाकिटात दुसरं पाकीट आहे. त्यात मी उस्तादांना सगळं लिहिलंय. ते मी थेट त्यांच्या पत्त्यावर टाकणार होते. मग वाटलं, पुन्हा मीच तुमच्यामध्ये लुडबुड करते आहे. म्हणून तुझ्या हातात देते. शनिवारी नावं वाचायच्या आत द्यायचं तर दे. फाडायचं तर फाड. फाडलंस तर मला कळवू नकोस. आणि त्या पोराला पुन्हा डबा नेऊ नकोस, तो तुझ्या हातचं कौतुकाने खाईल आणि मला ते सहन होणार नाही.

त्याला एवढं वाचून दाखव: शिडीवरून पडलास काय रे? तुझ्या त्या शेडमध्ये शिडीच नाही, तिथे गेल्या गेल्या लिहिलेल्या पत्रात तू आतल्या वस्तूंची यादी पाठवली होतीस. दवाखान्याचा खर्च किती झाला, कोणी दिला, तुझ्याजवळ काय उरलं, सगळं नीट कळव. भावोजींना मी बघते.

ताई


१४ डिसेंबर, रविवार, सकाळी आठ
खोलीत, खिडकीपाशी

प्रिय ताई,

हे पत्र डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाकडं येतं आहे. एकेक शब्द तपासतो आहे, म्हणून काल रात्री सुरू केलं ते आत्ता पुरं होतं आहे.

शुक्रवारी मला दवाखान्यातून सोडलं. काल सकाळी उस्तादांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. आम्ही पाच जण बाकावर बसलो. पैलवान माझ्या उजवीकडे, बहिरा कान माझ्या बाजूला. डावीकडे ये म्हटलं तर म्हणाला, “आज नको.” त्याच्या खिशात तुझं पाकीट होतं, कोपरा बाहेर दिसत होता. मला त्याने ते दाखवलं नव्हतं, तुझ्या पत्रातला फक्त शेवटचा भाग वाचून दाखवला होता. मला वाटलं, घरून आलेलं काही असेल.

उस्तादांनी चष्मा लावला. पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं पैलवानाचं.

तो उठला. पुढे जाऊन पाकीट त्यांच्यासमोर धरलं.

“काय आहे?”

“माझ्याबद्दल आहे. याच्या ताईंनी लिहिलंय.”

उस्तादांनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, आणि न फोडता त्यालाच परत दिलं. म्हणाले, “तुझ्याबद्दल आहे तर तू बोल. तोंड आहे ना?”

पैलवान त्यांच्याकडे बघत राहिला. ते मान खाली घालून बोलल्यामुळे त्याला कळलंच नव्हतं. मी उठून उभा राहिलो, त्याच्या उजव्या कानाशी गेलो आणि सांगितलं, “बोल म्हणतात.”

मला वाटतं, उस्तादांना त्याच क्षणी कळलं. तरी पैलवान बोलला. खडीचं यंत्र, कपाटाची काच, आमचं फडकं, दरड, सहा घाव, सगळं. त्याचा आवाज फार मोठा येत होता. तो नेहमीच मोठा असतो, आम्हाला वाटायचं रांगडा स्वभाव आहे.

उस्ताद बाकाच्या टोकावर बसले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “तीन महिने हा माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी लोकांना सांगत होतो, लक्ष द्यावं तर या पोराने.”

मग माझ्याकडे वळले. “तुला कधीपासून माहीत होतं?”

“तेरा नोव्हेंबरपासून.”

“मला का नाही सांगितलंस?”

ताई, मी उत्तर ठरवून ठेवलं होतं. मित्राला सांभाळलं असं म्हणणार होतो. ते तोंडातून निघेना. म्हणालो, “सांगितलं असतं तर माझी जागा पक्की झाली असती. लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलो.”

“म्हणजे त्याचा जीव गेला असता तरी चाललं असतं, पण तुझ्या नावाला डाग नको.”

त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

यादीवर त्यांनी रेघ मारली. पैलवानाला झाडांवर कधीच जाता येणार नाही. दांड्यांच्या शेडमध्ये रोजंदारीवर ठेवलं आहे. कायम नाही. कानाच्या डॉक्टरने काय ते लिहून दिल्यावर पुढचं बघू म्हणाले. आणि माझं नाव चौथं होतं का पाचवं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. म्हणाले, “हाड जुळलं की पुढच्या तुकडीत ये. पहिल्यापासून. करवतीच्या दातांपासून.” मी हो म्हणालो. घरी पाठवलं नाही, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

एक नियम मात्र कालच बदलला. आता राखणदाराने नुसतं “ऐकलं” म्हणायचं नाही. तिन्ही गोष्टी आपल्या शब्दांत परत सांगायच्या. काल दुपारी उरलेल्या तिघांना तेच करायला लावलं. एकाने तिसऱ्यांदा चुकल्यावर कुरकूर केली, “असं केलं तर दिवसाला एकच झाड पडेल.” उस्ताद म्हणाले, “पडू दे एक.”

पैलवानाने तुझं पाकीट अजून फोडलेलं नाही. म्हणतो, “ताईंच्या शिव्या आहेत, कधीतरी फार शेफारलो तर उघडेन.” तू लिहिलंस तसा डबा आणत नाही. आता मीच त्याच्या ताटात जेवतो, कारण मला डाव्या हाताने वाढून घेता येत नाही.

आईला खरं सांग. हात मोडला आणि पोरगा पुन्हा पहिलीत बसला असं सांग. ती हसली तर मला कळव.

तू खर्च विचारलास तो असा.

दवाखाना, प्लास्टर धरून: ६२०. शाळेने दिले ४००, उरलेले २२० उस्तादांनी भरले.
औषधं: ८५. माझे.
कागद, पाकिटं: १२. माझे.
पैलवानाच्या कानाचा डॉक्टर, पहिली तपासणी: १५०. मी दिले. तो म्हणतो, उसने लिही. म्हणून उसने लिहितो.

शिल्लक: ३३.
येणे: पैलवानाकडून १५०.
देणे: तुझे ३००, घरून निघताना घेतलेले. उस्तादांचे २२०, आणि एक घण. त्याचा दांडा त्या फांदीखाली मोडला. उस्ताद म्हणतात, दांडा पैशात घेणार नाही, लाकडात घेईन. पैलवान उद्यापासून तो घडवायला बसेल. लाकूड हलू नये म्हणून दुसरं टोक कोणीतरी धरावं लागतं. माझा एक हात मोकळा आहे.

तुझा धाकटा